एकोणीस मिलिमीटर

लोरेनमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
रस्त्यावर फेकलेलं मीठ गाड्यांच्या पोटाशी चढतं
आणि नटांचे सहा कोपरे
न्हाणीतल्या साबणासारखे झिजवून ठेवतं.

काल माझं एकोणीसचं सॉकेट गेलं.
केसाएवढी रेघ, मग पकड सुटली,
इम्पॅक्ट गन नुसतीच गुरगुरत राहिली.
चूक माझी. ते क्रोमचं होतं, हातपान्यासाठी घडवलेलं.
चकचकीत पोलाद ताठ असतं, त्याला मार सोसत नाही,
एखाद्या दिवशी तुकडा होऊन डोळ्यात जातं.
गनला काळंच लागतं. जाड अंगाचं, जरा नरम,
घाव पोटात घालून गप्प बसणारं.

दुकानात तीन डबे.
वरच्या फळीवर देशी, झाकणावर बोटभर झेंडा, एकशे साठ डॉलर.
मधे तैवानचा, पंचेचाळीस.
अगदी खाली एक, कुठला ते लिहायची कुणाला गरज वाटली नाही,
एकोणीस.
मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे,
आणि दोघांनीही माना वळवल्या.

एकशे साठ म्हणजे सात तास.
सात तास थंड फरशीवर पाठ,
आणि बाहीत ठिबकणारं गंजाचं पाणी.

बाबांना मुद्दाम आणलं होतं.
व्हर्न ह्लावाती, नदीकाठच्या कारखान्यात
एकतीस वर्षं घणाच्या यंत्रावर.
कान तिथेच राहिले.
म्हणून सॉकेट जबड्याच्या हाडाला लावतात,
नखानं टिचकी मारतात, डोळे मिटतात.
काउंटरवरचा पोरगा हसू दाबत होता.
मी त्याच्याकडे अशी पाहिली की तो बिलांचे कागद लावू लागला.

देशी सॉकेट. टिचकी. "चांगलं आहे."
तैवानचं. टिचकी. पुन्हा टिचकी.
मग अंगठा तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवला,
जिथे नट आत शिरतो, तिथली धार मारलेली होती.
"हे करणाऱ्याला घाई नव्हती," म्हणाले.

मला वाटलं होतं ते झेंड्याचा डबा उचलतील.
खरं तर मला तसंच हवं होतं,
म्हणजे पैशाचं पाप त्यांच्या माथी गेलं असतं.

"ते यंत्र मीच खोललं," ते फळीला सांगू लागले.
"कारखाना बंद झाल्यावर सहा आठवडे ओव्हरटाइम.
एवढा पगार त्याआधी कधी हातात आला नव्हता.
प्रत्येक भागावर खडूनं आकडा,
पेट्यांवर ताइचुंग.
तुझ्या दातांची तार त्याच पैशांतून."

माझी जीभ आपसूक समोरच्या दातांवर गेली.

शेवटी तैवानचा डबा घेतला.
आणि देशी एकोणीसचं एक, सुटं, चौदा डॉलरना,
कारण रोज मरतं ते एकोणीसच,
बाकीचे डब्यात झोपा काढतात.
चौदा त्यांनी दिले, सुटे मोजून.
पोरगा म्हणाला, "आयुष्यभराची गॅरंटी आहे."
बाबांना ऐकू गेलं नाही. की गेलं?
"कोणाच्या?" म्हणाले.

गाडीत बसल्यावर हीटर चालेना.
काचेवर वाफ धरली. ते सॉकेट हातात फिरवत होते.
"पायाच्या लोखंडावर मी रंगानं लिहिलं होतं,
रविवारी थंड पडली की डावी पाचर सैल होते,
सोमवारी आधी ती ठोका.
इंग्रजीत लिहिलं. दुसरं काय येतं मला?"

मी बाहीनं काच पुसली.

"कुणी वाचून दाखवलं असेल ना त्यांना?"

मागच्या सीटवर डब्यातली काळी सॉकेटं
खड्ड्याखड्ड्याला एकमेकांवर आपटत होती.
मी वेग कमी केला.
बाबांनी एक हात मागे टाकून
डब्यावर ठेवला,
हाडाला काही कळतं का ते पाहत.